सात नंबर प्रेसचा चार्ज

परभणीहून पिंपरी-चिंचवडला कुणी बघायला म्हणून जात नाही. आमच्याकडची माणसं तिकडे जातात ती कामाला, आणि मागे राहिलेली जातात ती त्यांच्याकडे बारशाला, लग्नाला, नाहीतर दवाखान्याला. जानेवारीत मी तिकडे चार दिवस राहून आले, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय काय पाहिलं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

निमित्त झालं भगवानमामांच्या फोनचं. माझ्या आईचे हे धाकटे भाऊ विशीत परभणी सोडून पिंपरीतल्या एका कारखान्यात लागले. तिथे प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याला दाब देऊन त्यातून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रांवर, त्यांनी निवृत्त होईपर्यंत काम केलं. आता तो कारखाना बंद झालाय आणि त्या जागेवर टॉवर उठणार आहेत. जुन्या कामगारांनी एक स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मामांना समितीत घेतलं.

"माय, तू एवढी वर्षं पोरांना इतिहास शिकवलास," मामा फोनवर म्हणाले. "आमचा लिहून दे. आमच्यात जो तो आपलंच नाव पहिलं घालायलाय."

मी लगेच हो म्हटलं, कारण त्यात माझाही स्वार्थ होता. निवृत्त मास्तरणीला काहीतरी खूळ लागतंच. कुणाला भिशीचं लागतं, कुणाला योगासनांचं. मला लागलं ते 'इतिहास' या शब्दाचं. वेगवेगळ्या भाषांत इतिहासाला काय म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटात काय आहे, हे मी एका वहीत लिहून ठेवते. पहिल्या पानावर आपलाच शब्द आहे: इति, ह, आस. 'असं असं खरोखर झालं.' एवढंच. तीन तुकड्यांचा शब्द, पण त्यातला मधला 'ह' मला फार आवडतो. सांगणारा माणूस छातीवर हात ठेवून 'खरंच' म्हणतोय, असं वाटतं.

दुसऱ्या पानावर माझे आजोबा आहेत. ते निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले, तेही वर्गाच्या दाराबाहेर बसून. त्यांच्या शाळेत या विषयाचं नावच 'तारीख' होतं. शब्द अरबी, अर्थ दिवस नोंदणं. "राजे कधी बसले, कधी मेले, एवढंच होतं त्यात," आजोबा सांगायचे. "आपल्यातलं कोण कधी मेलं ते नव्हतं."

पिंपळे गुरव

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. रिक्षावाल्याला मी नुसतं 'पिंपळे' म्हणाले. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख अशी तीन पिंपळे तिथे एकमेकांना लागून आहेत, हे परभणीच्या बाईला कुठून ठाऊक असणार? सौदागरच्या एका झगझगीत सोसायटीच्या फाटकाशी मी हुरड्याची पिशवी घेऊन उभी राहिले आणि तिथला वॉचमन मला सामान विकायला आलेली समजला. तो निघाला आमच्याच जिंतूरचा. त्याने दुसरी रिक्षा करून दिली आणि जाताना म्हणाला, "मावशी, इथं पुढचं नावबी सांगावं लागतंय."

मामांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दारातून आत गेलं की समोर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली ताजी फुलं. मामींनी बाजरीची भाकरी, मेथी आणि ठेचा केला होता. आमच्याकडे बाराही महिने ज्वारी. इथे थंडीत बाजरीच पाहिजे असा त्यांचा आग्रह, आणि त्यावरून मामा गेली चाळीस वर्षं कुरकुरत आले आहेत. जेवण झाल्यावर मामींनी स्टीलच्या एका जुन्या डब्यातून चिवडा काढला. डब्याच्या झाकणावर कारखान्याचं नाव कोरलेलं, घासून घासून पुसट झालेलं.

"मामा, तुम्ही?"

"त्यांना नाही आवडत," मामी म्हणाल्या. "माझ्या हातचा चिवडा सगळी चाळ खायची, यांनी कधी तोंडात घातला नाही."

मामा वर्तमानपत्र उलटत राहिले.

संध्याकाळी समिती जमली, म्हणजे मामा धरून चार म्हातारे आणि बिस्किटांचा एक पुडा. पहिला संप कुणी केला यावरून त्यांचं जे भांडण लागलं ते ऐकून खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन गेली. टूलरूममधले सेल्वम अण्णा तेवढे शांत होते. ते तमिळ, पण त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांना मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"वरलारु," ते म्हणाले. "वरल म्हणजे येणं, आरु म्हणजे वाट. आम्ही असंच समजतो. पंडित काय म्हणतात मला माहीत नाही. कसे आलो ती वाट, बस." मग बाकीच्यांकडे बघून हळूच म्हणाले, "हे लोक वाट सांगत नाहीत, पुढे कोण चालत होता ते सांगतात."

मंडळी गेल्यावर मामांनी मला फाइल दिली. तीत जुने फोटो होते, पत्रकं होती आणि कारखान्याच्या नोंदवह्यांच्या झेरॉक्स होत्या. सोमवारी सगळं छापखान्यात जायचं होतं. वाचता वाचता एका पानावर थांबले. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या अपघाताची नोंद होती. सात नंबरच्या प्रेसवर दुसऱ्या पाळीत शंकर नावाच्या कामगाराच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा.

"ते पान काढून टाक," मामा म्हणाले. मी कुठलं पान वाचतेय हे त्यांना लांबूनच कळलं होतं.

"का?"

"जुनं झालं ते. कशाला कुणाचं उकरायचं? शंकर अजून हाय, देहूला राहतो."

मी लगेच मास्तरीण झाले. "मामा, कागदावर आहे ते गाळता येत नाही. कुणी तोंडी काही सांगितलं तर ते गाळा. लेखी पुरावा तो पुरावा." वर्गात हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं असेल. मामा झोपायला गेले.

पिंपरी कॅम्प

दुसऱ्या दिवशी स्मरणिकेच्या प्रकाशन समारंभासाठी शाली घ्यायला मामा मला कॅम्पात, म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांच्या बाजारात, घेऊन गेले. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून हातगाडी आली तर माणसाने दुकानात शिरायचं, आणि शिरल्यावर काहीतरी विकत घ्यायचं. आम्ही ज्या दुकानात शिरलो तिथे गादीवर एक वृद्ध सिंधी काका बसले होते. शाली निवडताना मी वही काढली, तशी मामांनी कपाळाला हात लावला.

"आमच्या सिंधीत तारीख बोलतात, ताई," काका म्हणाले. मला आजोबा आठवले. "पण माझ्या वडिलांना एकच तारीख माहीत होती. ज्या दिवशी तिकडच्या घराला कुलूप लावलं ना, ती. माझा जन्म विचारला तर बोलायचे, उसके बाद. आजीचं लग्न विचारलं तर, उससे पहले. बाकी कॅलेंडर त्यांच्या कामाचं नव्हतं." त्यांनी शालीची घडी मोडून उजेडात धरली. "कुलूप लावायची काय गरज होती, हे मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. परत येणार होते काय?"

बाहेर आल्यावर मामांनी मला एका गाडीवर दालपकवान खायला घातलं. कुरकुरीत पुरीवर चण्याची डाळ, वर कांदा आणि चिंचेची चटणी. आमच्या परभणीत सकाळी असलं काही कुणी खाईल असं वाटत नाही, पण मी दोन पकवान खाल्ले. तिथेच, प्लेट हातात धरून, मामांनी मला 'चार्ज'ची पद्धत सांगितली.

पाळी बदलताना जाणारा कामगार यंत्र येणाऱ्याच्या ताब्यात देतो, त्याला चार्ज देणं म्हणतात. यंत्राशेजारी एक वही असते. तीत जाणाऱ्याने लिहायचं, 'मशीन ओके', आणि सही करायची. हे रोज लिहायचं, यंत्र कसंही असो.

"कसंही असो म्हणजे?"

"आता बघ. वहीत बिघाड लिहिला की मशीन बंद. मशीन बंद की काम बंद. मग साहेब वर बोलावणार, कुणी लिहिलं म्हणून. म्हणून लिहायचं ओके, आणि सांगायचं खरं." मामांनी चमचा खाली ठेवला. "दुसऱ्या पाळीचा माणूस आला की त्याच्या शेजारी उभं राहायचं. आठ तासांत काय काय झालं ते तोंडानं सांगायचं. आवाज कुठून येतोय, डायचा साचा कुठं अडकतोय, हात कुठं जपायचा. तो विचारणार, आपण सांगणार. त्याचं समाधान झालं की निघायचं. भोंगा वाजला म्हणून कुणी मशीन सोडत नव्हतं. तो माणूस येईपर्यंत थांबायचंच."

माझ्या लेखी पुराव्याची पार दाणादाण उडाली. कारखान्याच्या कपाटात वर्षानुवर्षांच्या वह्या, आणि त्यांतल्या प्रत्येक पानावर 'मशीन ओके'. खरं होतं ते सगळं बोलून हवेत गेलं.

"मग त्या दिवशी," मी विचारलं, "पहिल्या पाळीला सात नंबरवर कोण होतं?"

"पकवान निवायलंय," मामा म्हणाले. "खा."

चाकण

सारिका ही मामांची सून. चाकणच्या एका कोरियन कंपनीत ती क्वालिटी विभागात आहे. तिसऱ्या दिवशी तिने मला बरोबर नेलं. तिथला माणूस 'चाकणला किती वेळ लागतो' या प्रश्नाचं उत्तर देत नाही, नुसता हसतो. ट्रक, कंटेनर, कंपन्यांच्या बसेस आणि मधूनच कांद्याचा एखादा टेम्पो. या सगळ्यात आमची गाडी जिथे उभी होती तिथेच उभी. किल्ला इथून जवळच आहे म्हणतात. पूर्वी त्याला वेढा पडला होता हे मी मुलांना शिकवलंय, पण चाकणच्या चौकातला वेढा अजून उठलेला नाही.

कंपनीत आत जाता येत नाही. स्वागतकक्षात बसवून सारिकाने मला त्यांची दुभाषी मुलगी भेटवली. नगरची, पुण्यात कोरियन शिकलेली. तिने माझ्या वहीत 'योक्सा' असं लिहून दिलं आणि शेजारी त्याची मूळ चिनी अक्षरं काढली. चिनी, जपानी आणि कोरियन, तिघांचा शब्द एकच, फक्त उच्चार वेगळे.

"पहिलं अक्षर म्हणजे एकेक पाऊल टाकत पुढे जाणं," ती म्हणाली. "दुसरं म्हणजे नोंद ठेवणारा. यात खाली जो आकार दिसतोय ना, तो मुळात हात आहे. हातात लिहायचं साधन धरलंय."

त्या अक्षरातला हात मी बराच वेळ बघत बसले. देहूच्या त्या माणसाची बोटं डोळ्यांपुढून जाईनात.

परत येताना पुन्हा त्याच चौकात अडकलो. सारिकाने सांगितलं की त्यांच्याकडे आता वही नाही, टॅब आहे. एकेका प्रश्नावर बोट ठेवलं की हिरवी खूण येते. "पण ताई, पोरं अजून जाताना कानात सांगतातच. टॅबवर सगळं हिरवं, आणि कानात, भावा, तीन नंबरला सांभाळून. मी किती वेळा रागावले. कुणी ऐकत नाही."

मग तिने माझ्या वहीबद्दल विचारलं. मी तिला बखर सांगितली. कुणी म्हणतं खबर उलटी होऊन बखर झाली, कुणाला ते पटत नाही. नंतर इंग्रजी हिस्टरी सांगितली. मूळ ग्रीक, अर्थ चौकशी करणं, विचारणं. जाऊन, माणसांना गाठून विचारायचं, आणि मग लिहायचं.

सारिका गाडी न्यूट्रलला टाकून माझ्याकडे वळली. "मग तुम्ही पप्पांना विचारलंत का? नीट? मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. दिवाळी आली की ते गप्प होतात. आई म्हणतात स्वभाव आहे. मला नाही वाटत."

त्या संध्याकाळी मामा गच्चीवर कपडे काढायला गेले, तेव्हा मी मागोमाग गेले आणि विचारलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. वर्गात प्रश्न विचारण्यात माझी हयात गेली, पण त्यांची उत्तरं मला आधीच ठाऊक असायची.

मामांनी दोरीवरचा टॉवेल काढला, त्याची घडी घातली, ती मोडली आणि परत घातली.

"सात नंबरवर मीच होतो," ते म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी. प्रेसनं दोनदा डबल मारला. म्हणजे पेडल एकदा दाबलं की दाब एकदाच खाली यायला पाहिजे, तो दोनदा आला. हात आत असला तर संपलंच. साहेबाला सांगितलं, तो म्हणाला आजचा दिवस चालव. साडेतीनचा भोंगा झाला. शंकरची देहूची बस लेट. त्या दिवशी गेटवर दिवाळीचे डबे वाटायलेले. मागच्या साली उशिरा गेलो तर डबे संपलेले. नवं लग्न होतं माझं. तुझ्या मामीला म्हणून आलो होतो, आज डबा आणतो. दहा मिनिटं थांबलो. लाइन वाढायलेली दिसली. वहीत ओके लिहिलं आणि निघालो."

"आणि शंकरराव?"

"त्यानं वही बघितली असेल. ओके लिहिलेलं. आणि माणूस थांबलेला नाही. आमच्यात याचा अर्थ एकच, मशीन खरंच ओके. नाहीतर भगवान थांबला असता." मामांनी टॉवेल दोरीवर परत टाकला. "चौकशीत त्याला निष्काळजी ठरवलं. मला कुणी काही विचारलंच नाही. मीबी सांगितलं नाही. माय, आता तू ते पान छापणार, आणि त्यात त्यालाच दोष देणार."

म्हणून त्यांना ते पान नको होतं. खोटं राहू द्यायचं धैर्य उरलं नव्हतं आणि खरं सांगायचं आलं नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. एवढंच म्हटलं, "उद्या रविवार आहे. देहूला जाऊ."

"समितीतले सगळे वाचतील. नातू वाचील."

"हो," मी म्हटलं.

देहू

निघताना मामांनी स्टीलचा डबा रिकामा केला आणि कापडी पिशवीत घातला. मामी म्हणाल्या, "अहो, चिवडा तरी न्या." मामा तसेच जिना उतरले.

देहूत त्या दिवशी फार गर्दी नव्हती. इंद्रायणीच्या घाटावर दोन बायका बसल्या होत्या आणि पलीकडे प्लॉटिंगचे फलक उभे होते. शंकररावांचं घर गावाच्या कडेला. दारात एक उंच, वाळकी काठी झालेला माणूस खाटेवर बसून डाव्या हाताने लसूण सोलत होता. उजव्या हाताला फक्त अंगठा. त्या अंगठ्याखाली तो गड्डी दाबून धरत होता.

"ये, भगवान," तो म्हणाला. जणू मामा कालच येऊन गेले होते. "ही कोन?"

"बहिणीची पोरगी. मास्तरीण हाय. आमचं पुस्तक लिहिती."

शंकररावांच्या पत्नीने, हौसाबाईंनी, पाणी आणून दिलं आणि उंबऱ्यात बसल्या. मामांनी पिशवीतून डबा काढून खाटेवर ठेवला. शंकररावांनी अंगठ्याने झाकणावरचं नाव चाचपलं.

"मला न्हाई मिळाला ह्यो," ते म्हणाले. "मी दवाखान्यात व्हतो."

मग मामांनी सांगितलं. गच्चीवर मला सांगितलं तसंच, पण खाली मान घालून. शंकरराव लसूण सोलत राहिले. मामांचं झाल्यावर त्यांनी सालं फुंकून टाकली.

"मला ठावं हाय. मला समद्या आधी ठावं. तू थांबला न्हाईस हे माझ्याबिगर कुनाला ठावं असनार? चौकशीत इचारलं सायबानं, चार्ज मिळाला का? म्या सांगितलं, व्हय, मिळाला. भगवाननं समदं सांगितलं, माझंच ध्यान न्हवतं."

मामांनी वर पाहिलं. हे त्यांनाही नवीन होतं.

"अरे, का पण?"

"का म्हंजी? न्हाई म्हनलो असतो तर तुला काढला असता. तुझं लगीन होऊन साल झालं न्हवतं. माझी बोटं काय माघारी येनार व्हती का, राव?" आता त्यांचा आवाज चढला. "पर तू यशील असं वाटलं व्हतं. दवाखान्यात वाट बघितली. मग म्हनलं, दिवाळी झाल्याव यील. मला गेटावर बसवलं, रोज तुज्याकडं बघायचो. तू मान खाली घालून जायचास. चाळीस वर्सं, भगवान. इतका येळ लागतो व्हय देहूला यायला?"

उंबऱ्यातून हौसाबाई उठल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या आधी नवऱ्याकडे वळल्या.

"मला बी न्हाई सांगितलंत? माज्या पोरीच्या सोयरिकीला लोकांनी इचारलं, तुमचं मालक दारू पिऊन कामाव जायचं का म्हनून. म्या काय सांगायचं? गप बसले." मग मामांकडे. "भावजी, तुमी तिकडं दिवाळीचा चिवडा खाल्ला ना ह्यात?" त्यांनी डबा उचलून मामांच्या पुढ्यात ठेवला. "न्हाई लागत आमाला ह्यो."

"कधी नाही खाल्ला, वहिनी," मामा म्हणाले. मला उठून कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं. चौकशी करणं म्हणजे काय हे ग्रीकांना ठाऊक असेल, मला त्या अंगणात कळलं.

मी हळूच म्हटलं, "काका, त्या नोंदीत तुमचा निष्काळजीपणा लिहिलाय. मला ते बदलायचं आहे. पण त्यासाठी खरं लिहावं लागेल, मामांच्या नावासकट."

"नाव नको," शंकरराव म्हणाले. "ऱ्हाऊ दे. म्हातारा झालाय."

"लिवा," हौसाबाई म्हणाल्या. "नाव घालून लिवा. तुमचं नाव घालताना कुनी इचारलं व्हतं का?"

सगळे मामांकडे बघू लागले. मामांनी मान हलवली. "लिही, माय."

मी वही उघडली, पण शंकररावांनी हात वर करून मला थांबवलं. खाटेवरून उठले, अंगणाच्या मध्ये पाण्याचं पिंप होतं त्याच्याजवळ गेले.

"असं न्हाई. ऊठ, भगवान. चार्ज बसून देत न्हाईत."

मामा उठले. पिंपाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला शंकरराव. मामांचे खांदे ताठ झाले, हात आपोआप मागे गेले. म्हाताऱ्या माणसाचं शरीर ती जागा विसरलं नव्हतं.

"सांग. काय झालं आठ तासांत?"

"सात नंबर," मामा म्हणाले. "दोनदा डबल मारलाय. एकदा सकाळी, एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर. क्लच धरत नाही."

"सायबाला सांगितलं?"

"सांगितलं. चालव म्हणाला."

"वहीत लिवलंय?"

"नाही. ओके लिहिलंय."

"मंग हात घालू का न्हाई?"

मामांनी पिंपावरून हात पुढे करून शंकररावांचा उजवा हात धरला, अंगठा आणि उरलेला पंजा, दोन्ही हातांनी घट्ट.

"घालू नको, शंकर. हात घालू नको."

शंकररावांनी हात सोडवून घेतला नाही. हौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मी वहीत मान घातली, कारण मलाही समोरचं दिसेनासं झालं होतं. थोड्या वेळाने शंकरराव म्हणाले, "मिळाला चार्ज. आता तू जा." पण मामा हलले नाहीत आणि त्यांनीही हात ओढला नाही.

ते दोघं जसं बोलले तसं मी लिहून काढलं. त्यात एकही शब्द माझा नाही. तारीख कुठली घालायची असं विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, "दोन्ही घाल. त्या दिवसाची बी, आजची बी." खाली चार्ज देणाऱ्याची सही आहे आणि घेणाऱ्याची. शंकररावांनी सही डाव्या हाताने केली, खूप वेळ घेऊन. तोवर हौसाबाईंनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं. डबा मात्र मामांनी परत आणला. त्यात आता मामी पीठ ठेवतात म्हणे.

स्मरणिका गेल्या आठवड्यात छापायला गेली, ठरल्यापेक्षा पंधरा दिवस उशिरा. प्रस्तावनेसाठी जमवलेले माझे सगळे शब्द मी काढून टाकले. त्या जागी वहीतलं ते पान हस्ताक्षरासकट छापायला दिलंय. छापखान्यातून फोन आला होता. खालची एक सही फार वाकडी आली आहे, नीट करून घ्यायची का, असं विचारत होते. मी म्हटलं, नको, आहे तशीच राहू द्या.